वर्तन की वस्ती? : कृष्णवर्णीय अमेरिकन पुरुष, एचआयव्ही-प्रतिबंध आणि घर-रोजगाराचा प्रश्न

१. प्रास्ताविक

एचआयव्हीच्या प्रतिबंधाविषयी अमेरिकेत जे विपुल लेखन झाले, त्याच्या केंद्रस्थानी दीर्घकाळ ‘वर्तन’ हा शब्द राहिला. संसर्ग हा व्यक्तीच्या वर्तनाचा परिणाम होय. वर्तन बदलले की संसर्ग टळेल. आणि ते बदलावे म्हणून माहिती, समुपदेशन व कंडोम पुरवावेत, अशी ही मांडणी होती. तिच्यात तथ्य नाही असे नाही. पण कृष्णवर्णीय पुरुषांच्या बाबतीत ती अपुरी पडली आणि या अपुरेपणाची किंमत माणसांच्या आयुष्यांनी चुकती झाली. अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे १२ टक्के आहे. २०२२ साली झालेल्या अंदाजे ३१,८०० नव्या संसर्गांत मात्र त्यांचा वाटा सुमारे ३७ टक्के होता. एकूण नव्या संसर्गांपैकी जवळजवळ निम्मे दक्षिणेकडील राज्यांत झाले. रोगनियंत्रणाच्या संघीय केंद्राने २०१६ साली असे अनुमान मांडले होते की, तेव्हाची गती कायम राहिल्यास पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणाऱ्या कृष्णवर्णीय पुरुषांपैकी दर दोघांत एकाला आयुष्यात केव्हातरी एचआयव्हीचे निदान होईल.

या परिस्थितीला उत्तर म्हणून एक निराळी दृष्टी पुढे आली. घर आणि रोजगार या गोष्टी प्रतिबंधानंतर येणाऱ्या समाजकल्याणाच्या बाबी नसून त्या प्रतिबंधाचाच भाग आहेत, अशी ती दृष्टी होय. प्रस्तुत लेखात या दृष्टीची पार्श्वभूमी, तिच्यामागील कार्यकारणभाव, तिला मिळालेला पुरावा आणि तिच्या मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न आहे. हा विषय साहित्याच्या अभ्यासकांसमोर मांडण्याचे प्रयोजनही आहे. ‘वर्तन’ आणि ‘वस्ती’ ही रोगाच्या वाचनाची दोन प्रारूपे आहेत, आणि यांपैकी दुसरे प्रारूप कृष्णवर्णीय साहित्याने आरोग्यधोरणाच्या कितीतरी आधी हाताळलेले आहे.

२. ‘वर्तना’ची कथा आणि तिचे खंडन

एड्सच्या साथीबरोबर अर्थांचीही साथ पसरली, हे पॉला ट्रायक्लर यांनी १९८७ च्या निबंधात दाखवून दिले. सुसान सोंटॅग यांच्या ‘एड्स अँड इट्स मेटाफर्स’ (१९८९) या पुस्तकाने रोगाच्या रूपकांची चिकित्सा केली. परंतु या दोन्ही विवेचनांत कृष्णवर्णीय पुरुषाच्या वाट्याला आलेल्या खास कथेचा पुरेसा विचार नव्हता. ही कथा २००४ च्या सुमारास अमेरिकी प्रसारमाध्यमांत ‘डाउन लो’ या नावाने गाजली. बाहेर विवाहित, आत पुरुषांशी गुप्त संबंध ठेवणारा आणि त्यामुळे आपल्या पत्नीला रोग देणारा कृष्णवर्णीय पुरुष हे तिचे नायक-खलनायक रूप होते. जे. एल. किंग यांचे पुस्तक त्या वर्षी दूरचित्रवाणीवरील चर्चेमुळे घरोघर पोहोचले. कीथ बॉयकिन यांनी २००५ साली ‘बियाँड द डाउन लो’ लिहून या कथेचा प्रतिवाद केला. अप्रामाणिकपणा हे साथीचे कारण ठरवले की घर, तुरुंग, विमा आणि बेकारी हे विषय आपोआप बाजूला पडतात, ही या कथेतील मेख होती. कॅथी कोहेन यांनी ‘द बाउंडरीज ऑफ ब्लॅकनेस’ (१९९९) या ग्रंथात कृष्णवर्णीय समाजाच्या नेतृत्वालाही या प्रश्नातून सूट दिली नाही. समाजातील ‘प्रतिष्ठित’ वर्गाने आपल्याच समाजातील एका गटाला सामुदायिक प्रश्नांच्या यादीबाहेर ठेवले, हे त्यांनी साधार दाखविले.

वैद्यकीय संशोधनाच्या क्षेत्रात या कथेला धक्का दिला तो ग्रेगरी मिलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या परीक्षणात्मक लेखाने असे दाखविले की, कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांत संसर्ग अधिक आहे याचे स्पष्टीकरण त्यांच्या ‘अधिक धोकादायक’ वर्तनाने होत नाही. २०१२ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या विस्तृत विश्लेषणाने हाच निष्कर्ष पक्का केला. अमली पदार्थांचे सेवन या गटात गौरवर्णीयांपेक्षा कमी आणि प्रतिबंधक वर्तन अधिक आढळले. जे अधिक होते ते बेकारी, अल्प उत्पन्न, तुरुंगवास आणि उपचारांपर्यंत पोहोचण्यातील अडथळे.

वर्तन सारखे असूनही परिणाम निराळा का, याचे उत्तर साध्या गणितात आहे. ज्या लहान आणि बंदिस्त वर्तुळात संसर्गाचे प्रमाण आधीच जास्त आहे आणि संसर्गित व्यक्तींना उपचार मिळत नाहीत, तेथे एका चुकीची किंमत अन्यत्र होणाऱ्या अनेक चुकांहून अधिक असते. २००९ ते २०११ या काळात अटलांटा, बोस्टन, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को आणि वॉशिंग्टन या सहा शहरांत १,५५३ कृष्णवर्णीय पुरुषांचा एक मोठा अभ्यास झाला. त्यात नव्या संसर्गाचा वार्षिक दर ३ टक्के आढळला. तीस वर्षांपर्यंतच्या तरुणांत तो ५.९ टक्के होता. सहभागी पुरुषांपैकी सुमारे ६० टक्के जणांनी आयुष्यात एकदा तरी तुरुंगवास भोगला होता. तुरुंगाचा शेरा नावावर बसला की घर आणि काम या दोन्हींची दारे बंद होतात. म्हणून या आकड्याचे वाचन गुन्हेगारीच्या सदरात न करता वस्तीच्या सदरात करावयास हवे.

३. घर

वस्तीचा इतिहास येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. १९३३ साली स्थापन झालेल्या संघीय गृहकर्ज महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार केले. त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात रंगविल्या गेल्या. लाल रंगाचा अर्थ कर्जासाठी धोकादायक. ‘धोका’ ही संज्ञा अशा रीतीने प्रथम वस्तीला चिकटली आणि अर्धशतकानंतर साथीच्या काळात तीच संज्ञा त्या वस्तीतील माणसांना ‘धोक्याचा गट’ म्हणून चिकटली. १९६८ च्या कायद्याने घरांच्या व्यवहारातील वर्णभेद बेकायदेशीर ठरविला. पण तोपर्यंत तीन दशकांची संपत्ती एका वर्णाच्या हाती गेलेली होती.

घर नसल्याने संसर्ग कसा वाढतो? संसर्ग टाळण्यासाठी घ्यावयाची गोळी, म्हणजेच ‘प्रेप’, अमेरिकेत जुलै २०१२ मध्ये मान्य झाली. ती नियमित घ्यावी लागते आणि दर तीन महिन्यांनी तपासणी करावी लागते. ज्याला रात्रनिवाऱ्यातून सकाळी बाहेर पडावे लागते, ज्याचे सामान पिशवीत असते आणि पिशवी चोरीला जाते, त्याला औषध ठेवायला जागा नसते. विम्याच्या नूतनीकरणाचे पत्र ज्या पत्त्यावर जाते, तेथे तो राहत नसतो. मित्राच्या घरी कोचावर झोपणाऱ्याला गोळ्यांची बाटली दिसली तर काय प्रश्न येतील, याची भीती असते. आणि रात्रीच्या आसऱ्याच्या बदल्यात शरीर मागितले गेले, तर कंडोमचा आग्रह धरण्याची ताकद त्याच्याजवळ उरत नाही. घरातून काढून दिलेल्या समलिंगी मुलांच्या बाबतीत ही शेवटची बाब विशेष तीव्र असते. यांपैकी कोणतीही अडचण माहितीच्या अभावातून आलेली नाही. ‘समुपदेशन’ या उपायाची मर्यादा येथे स्पष्ट होते.

दुसरा दुवा संसर्गित व्यक्तींच्या बाजूने आहे. उपचारांमुळे रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजण्याच्या पातळीखाली आले आणि तसे टिकले, तर शरीरसंबंधांतून संसर्ग पसरत नाही. २०११ साली जाहीर झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने या निष्कर्षाचा पाया घातला आणि पुढील संशोधनाने तो दृढ केला. म्हणून संसर्गित माणसाला घर मिळून त्याचे उपचार टिकले, तर तो बरा राहतोच, शिवाय त्याचा जोडीदारही सुरक्षित राहतो. घर देणे हा अशा रीतीने दुहेरी प्रतिबंध ठरतो.

हा विचार प्रत्यक्षात आणण्याचे प्रयत्न १९९० पासून दिसतात. त्या वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसने एड्सग्रस्तांच्या निवासासाठी ‘हॉपवा’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा कार्यक्रम मंजूर केला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये ‘हाउसिंग वर्क्स’ ही संस्था स्थापन झाली. बेघर एचआयव्हीग्रस्तांना घर देणे आणि स्वतःच्या दुकानांतून कामाचे प्रशिक्षण देणे या दोन गोष्टी तिने आरंभापासून एकत्र ठेवल्या. १९९२ साली सॅम त्सेम्बेरिस यांनी न्यूयॉर्कमध्येच ‘आधी घर’ या तत्त्वाचा प्रयोग सुरू केला. तोवरची रीत अशी होती की, माणसाने आधी व्यसन सोडावे, उपचार घ्यावेत, आपली लायकी सिद्ध करावी आणि मग घर मिळवावे. या प्रयोगाने हा क्रम उलटा केला.

पुरावा काय सांगतो? शिकागोमध्ये २००३ नंतर झालेल्या एका प्रयोगात रुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या दीर्घ आजारी बेघर रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक विभागणी करण्यात आली. त्यांत कृष्णवर्णीय बहुसंख्य होते. एका गटाला घर आणि त्यासोबत मार्गदर्शक कार्यकर्ता मिळाला. दुसऱ्याला नेहमीची व्यवस्था. त्यातील १०५ एचआयव्हीग्रस्तांचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एका वर्षानंतर जिवंत असून प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्यांचे प्रमाण घर मिळालेल्या गटात ५५ टक्के, तर दुसऱ्या गटात ३४ टक्के होते. बाल्टिमोर, शिकागो आणि लॉस एंजेलिस येथील ६३० जणांच्या दुसऱ्या अभ्यासात मात्र दोन गटांतील फरक इतका ठळक निघाला नाही. त्याचे एक कारण असे की, तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील सुमारे निम्म्या लोकांनी अठरा महिन्यांत स्वतःच घर मिळविले होते. तथापि, गट बाजूला ठेवून प्रत्यक्षात घर असलेले आणि नसलेले यांची तुलना केली असता बेघर राहिलेल्यांची प्रकृती आणि विषाणूंचे प्रमाण अधिक वाईट आढळले. घर हा रामबाण उपाय नव्हे. परंतु त्याच्याशिवाय अन्य उपाय टिकत नाहीत, इतके या दोन्ही अभ्यासांतून एकत्रितपणे म्हणता येते.

या व्यवस्थेत एक मोठी विसंगती आहे. ‘हॉपवा’चे घर मिळण्यासाठी एचआयव्हीचे निदान झालेले असावे लागते. म्हणजे वीस वर्षांचा जो बेघर तरुण अद्याप संसर्गमुक्त आहे, त्याच्यासाठी हे दार बंद आणि त्याला संसर्ग झाला की ते उघडणार. न्यूयॉर्क शहरात तर २०१६ पर्यंत नुसता संसर्ग पुरेसा नव्हता. रोगाची लक्षणे किंवा एड्सचे निदान असल्याखेरीज शहराच्या एचआयव्ही सेवाविभागाचे निवाससाहाय्य मिळत नसे. त्या वर्षी हा नियम बदलला. प्रतिबंध हा संसर्गाच्या आधी व्हावयाचा असतो, आणि कायद्यातील घर संसर्गानंतर येते. वर्तनाच्या कथेने धोरणावर जो ठसा उमटविला, त्याचा हा सर्वांत बोलका नमुना म्हणता येईल.

४. रोजगार

घर टिकते ते भाड्यावर आणि भाडे येते ते कामातून. म्हणून दुसऱ्या घटकाचा विचार अपरिहार्य ठरतो. समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी मिलवॉकी शहरात केलेला आणि २००३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या संदर्भात मूलभूत मानला जातो. सारखी पात्रता दाखविणारे तरुण नोकरीसाठी अर्ज करीत फिरले. तुरुंगवासाची नोंद असलेल्या गौरवर्णीय उमेदवारांपैकी १७ टक्के जणांना पुन्हा बोलावणे आले. कोणतीही नोंद नसलेल्या कृष्णवर्णीय उमेदवारांत हे प्रमाण १४ टक्के होते. नोंद असलेल्या कृष्णवर्णीयांत ते केवळ ५ टक्के. दुसऱ्याच वर्षी बोस्टन आणि शिकागो येथील अभ्यासाने असे दाखविले की, पत्रिका तीच ठेवून केवळ नाव बदलले, तर गौरवर्णीय वाटणाऱ्या नावांना सुमारे ५० टक्के अधिक प्रतिसाद मिळतो. नावालाही वस्ती असते, हे साहित्याच्या अभ्यासकाला नवे नाही. येथे ते मोजून दाखविले गेले.

रोजगार आणि प्रतिबंध यांची जोड अर्थात सरळ नाही. तासांवर मिळणाऱ्या कामात दवाखान्यासाठी घेतलेली रजा म्हणजे बुडालेली मजुरी. मिळकत थोडी वाढली की सरकारी आरोग्यविमा किंवा घरभाड्याची मदत जाण्याची भीती असते. मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, टेक्सस यांसारख्या दक्षिणेकडील अनेक राज्यांनी गरिबांच्या ‘मेडिकेड’ विम्याचा विस्तार स्वीकारलेला नाही. त्यामुळे साथ जेथे सर्वाधिक तीव्र, तेथेच काम करणारा गरीब पुरुष विम्याबाहेर राहतो. यावरून ‘काम मिळवून द्या’ एवढे सांगून भागत नाही, हे लक्षात येईल. विमा, भाडे, प्रवासखर्च आणि दवाखान्याची वेळ यांचा मेळ घालून देणारी व्यक्ती सोबत लागते.

अशा जोड-कार्यक्रमांचे काही प्रयत्न उल्लेखनीय आहेत. लॉस एंजेलिस, वॉशिंग्टन आणि चॅपल हिल येथे २२६ कृष्णवर्णीय पुरुषांना प्रेप देऊ करताना, प्रत्येकाच्या अडचणी त्याच्याच शब्दांत समजून घेऊन घर, काम, कायदेशीर मदत इत्यादींशी त्याला जोडून देणारी पद्धत वापरली गेली. ७९ टक्के पुरुषांनी औषध सुरू केले. हा आकडा ‘कृष्णवर्णीय पुरुष प्रतिबंधाविषयी उदासीन असतात’ या समजुतीला उत्तर देतो. शिकागोमध्ये रोजगार-प्रशिक्षण हाच एचआयव्ही-प्रतिबंधाचा उपाय मानून वांशिक अल्पसंख्याक समलिंगी आणि ट्रान्सजेंडर तरुणांसाठी ‘वर्क टू प्रिव्हेंट’ हा उपक्रम आखला गेला. संघीय आरोग्यसेवा विभागाने २०१७ ते २०२० या काळात एचआयव्ही-उपचार, घर आणि रोजगार या तीन सेवा एकमेकींत गुंफण्याच्या प्रकल्पांना निधी दिला. परंतु हे सारे मुदतीचे प्रकल्प होते. निधी संपला की कार्यकर्ता जातो आणि ज्या विश्वासावर काम उभे राहिले, तो पुन्हा शून्यापासून मिळवावा लागतो. टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सिफिलिसग्रस्त कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांवाचून केवळ निरीक्षणाखाली ठेवण्यात आले, हे ज्या समाजाच्या स्मरणात आहे, तेथे विश्वास ही गौण बाब नव्हे.

५. साहित्याची साक्ष

घर आणि काम यांच्या अभावात पुरुषाचे शरीर आणि मन कसे घडते, हा कृष्णवर्णीय साहित्याचा जुना विषय आहे. रिचर्ड राइट यांची ‘नेटिव्ह सन’ (१९४०) ही कादंबरी शिकागोतील एका खोलीच्या बिऱ्हाडात, उंदीर मारण्याच्या प्रसंगाने सुरू होते. लोरेन हॅन्सबेरी यांच्या ‘अ रेझिन इन द सन’ (१९५९) या नाटकात मोटार चालविणारा नोकर वॉल्टर ली, विम्याचे पैसे आणि गोऱ्या वस्तीतील घर यांभोवती सारा संघर्ष फिरतो. हॅन्सबेरी यांच्या वडिलांनीच अशा घरासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला होता. म्हणजे घर, रोजगार आणि पुरुषत्व यांचे त्रिकूट साथीपूर्वीच साहित्यात सिद्ध झालेले होते. जेम्स बाल्डविन यांनी त्यात समलिंगी पुरुषाच्या बेघरपणाचे परिमाण आणले.

साथीच्या काळात जोसेफ बीम यांनी संपादिलेल्या ‘इन द लाइफ’ (१९८६) या संग्रहाने कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांना प्रथमच एकत्र व्यासपीठ दिले. आपल्याच घरी आपण जसे आहोत तसे परतता येत नाही, ही त्यातील बीम यांच्या निबंधाची मध्यवर्ती वेदना होय. १९८८ साली बीम यांचे निधन झाले. अपुरा राहिलेला दुसरा संग्रह ‘ब्रदर टू ब्रदर’ एसेक्स हेम्फिल यांनी बीम यांच्या आई डोरोथी बीम यांच्या सहकार्याने १९९१ मध्ये पूर्ण केला. ज्या घराविषयी मुलाने प्रश्न विचारला होता, त्या घरानेच त्याचे पुस्तक पुरे केले. हेम्फिल १९९५ मध्ये आणि ‘टंग्ज अनटाइड’ (१९८९) या चित्रपटाचे दिग्दर्शक मार्लन रिग्ज १९९४ मध्ये एड्सने गेले.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांच्या दृष्टीने मेल्विन डिक्सन यांचे उदाहरण सर्वांत मननीय आहे. कवी, कादंबरीकार आणि लिओपोल्ड सेंगॉर यांच्या कवितेचे इंग्रजी अनुवादक असलेल्या डिक्सन यांनी ‘राइड आउट द विल्डरनेस’ (१९८७) या समीक्षाग्रंथात आफ्रिकन-अमेरिकन साहित्यातील स्थळाचा शोध घेतला. रान, भुयार आणि शिखर या तीन स्थळप्रतिमांतून बेघर केलेल्या समाजाने स्वतःची ओळख कशी रचली, हा त्यांचा विषय. स्थळ आणि स्वत्व यांचे नाते उलगडणारा हा समीक्षक १९९२ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी एड्सने मरण पावला. आरोग्यधोरण जे पुढे आकड्यांत मांडू लागले, त्याची संकल्पनात्मक भाषा डिक्सन यांच्या ग्रंथात तयार होती. पुढील पिढीत डॅनेज स्मिथ यांच्या ‘डोन्ट कॉल अस डेड’ (२०१७) या संग्रहात पोलिसांच्या हिंसेला बळी पडलेल्या मुलांसाठी कल्पिलेले स्थळ आणि एचआयव्हीच्या निदानाची कविता एकाच पुस्तकात शेजारी येतात. त्याच वर्षी लिंडा व्हिलारोसा यांनी मिसिसिपीतील जॅक्सन शहरावरील वृत्तलेखातून दक्षिणेतील साथ राष्ट्रीय वाचकांपुढे ठेवली.

६. तौलनिक विचाराची दिशा

मराठी अभ्यासकाला हा प्रदेश सर्वस्वी परका नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांना पत्र लिहिले होते. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतले. जनार्दन वाघमारे यांच्या ग्रंथाने कृष्णवर्णीय साहित्याचा मराठीत सविस्तर परिचय करून दिला. तथापि, आजवरची तुलना प्रामुख्याने विद्रोह आणि आत्मकथन या दोन सूत्रांवर झाली. ‘पत्ता नसणे’ हे सूत्र तिच्यात आणता येईल. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) या आत्मकथनात भटक्या जीवनाच्या संदर्भात आलेला ठावठिकाण्याचा प्रश्न आणि बीम यांच्या निबंधातील घराचा प्रश्न एक नव्हेत. एकात गाव नाकारते, दुसऱ्यात घर आणि नगर दोन्ही नाकारतात. हा भेद जपूनच तुलना करावी लागेल. प्रतिबंध आणि उपजीविका यांची सांगड मात्र भारतातही घातली गेली आहे. कोलकात्यातील सोनागाछी येथे १९९२ साली सुरू झालेल्या एचआयव्ही-प्रतिबंधाच्या कामातून १९९५ मध्ये देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची सहकारी पतसंस्था उभी राहिली, कारण सावकाराच्या कर्जात असलेली स्त्री ग्राहकाला नकार देऊ शकत नाही, हे कार्यकर्त्यांच्या ध्यानी आले होते.

७. समारोप

जून २०२५ मध्ये अमेरिकेत वर्षातून केवळ दोनदा टोचावयाचे प्रतिबंधक औषध मान्य झाले. रोजची गोळी जपून ठेवण्याची अडचण त्याने दूर होऊ शकते. परंतु सहा महिन्यांनी त्याच माणसाला पुन्हा शोधून काढावे लागते, त्याचा विमा चालू असावा लागतो आणि कामावरून त्याला सुट्टी मिळावी लागते. औषध जितके लांब पल्ल्याचे, तितकी पत्त्याची गरज अधिक. दुसरीकडे, २०२६ या आर्थिक वर्षासाठी संघीय सरकारने मांडलेल्या अर्थसंकल्पी प्रस्तावात ‘हॉपवा’ हा स्वतंत्र कार्यक्रम बंद करण्याची सूचना होती. औषधाची प्रगती आणि घराची माघार अशा परस्परविरुद्ध दिशांनी ही वाटचाल होत आहे.

साहित्याच्या अभ्यासाने साथ थांबत नाही. मात्र साथीविषयी कोणती कथा सांगितली जाते यावर पैसा कोठे खर्च होतो हे ठरते, आणि कथांचे परीक्षण हे साहित्याभ्यासाचे काम आहे. ‘हा पुरुष असे का वागतो?’ या प्रश्नाने चार दशके व्यापली. ‘हा पुरुष आज रात्री कोठे झोपणार आहे?’ हा प्रश्न राइट, हॅन्सबेरी आणि बीम यांनी आधीच विचारून ठेवलेला होता. आरोग्यशास्त्राने तो उशिरा का होईना वाचला. त्याचे उत्तर देण्याचे काम अद्याप अपुरे आहे.